कोनासमुद्रमचे फौलाद : प्रक्रियेची परिस्थिती आणि धातूची गुणवत्ता

प्रस्तावना

धातूच्या वस्तूची गुणवत्ता कशावर अवलंबून असते, असा प्रश्न विचारला असता 'माल चांगला पाहिजे' असे उत्तर सर्वसाधारणपणे मिळते. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. एकाच भट्टीतून निघालेल्या पोलादाची एका लोहाराच्या हातून उत्तम तलवार घडते आणि दुसऱ्याच्या ऐरणीवर त्याच पोलादाचे तुकडे होतात. माल तोच असतो. बदलते ती प्रक्रियेची परिस्थिती, म्हणजेच तापमान, वेळ, थंड होण्याची गती आणि घावाचा जोर. या सत्याचे एक ठळक उदाहरण जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या परिसरात सापडते. त्याचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

गोदावरीचे दोन काठ

गोदावरीच्या उत्तरेस निर्मल आणि त्याजवळील दिम्मदुर्ती हा चुंबकी लोहखनिजाचा प्रदेश आहे. हा भाग २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. आता तो निर्मल जिल्ह्यात मोडतो. नदीच्या दक्षिणेस, निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम हे गाव आहे. या गावी मुशीत वितळवून पोलादाच्या वड्या तयार केल्या जात. हेच पुढे युरोपात 'वूट्झ' या नावाने ओळखले गेलेले फौलाद होय. मराठीतील 'पोलाद' आणि उर्दूतील 'फौलाद' हे दोन्ही शब्द फारसी मुळाचे आहेत. हिंदुस्थानी पोलादाच्या तलवारीला अरबीत 'मुहन्नद' म्हणत. नवव्या शतकात बगदादचे तत्त्ववेत्ते अल्-किंदी यांनी तलवारींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून या विद्येला त्या काळी किती महत्त्व होते हे ध्यानात येते.

कोनासमुद्रमच्या प्रक्रियेचे वर्णन त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील शल्यवैद्य व भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी यांनी केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इस्फहानचा एक व्यापारी फौलाद घेण्यासाठी थेट या गावी येऊन राहत असे आणि कामावर स्वतः नजर ठेवत असे, असे त्यावरून समजते. इराणात या पोलादाची नक्कल करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले होते, हीदेखील नोंद त्यात आहे.

मुशीतील अवस्था

वूट्झमध्ये कार्बनचे प्रमाण साधारणपणे १ ते २ टक्के असते. गाडीची धाव किंवा खिळे ज्या साध्या लोखंडाचे होतात, त्यात ते याच्या कितीतरी कमी असते. कार्बन वाढला की वितळण्याचे तापमान खाली येते, म्हणून हे पोलाद मातीच्या मुशीत पूर्णपणे वितळू शकते. कोनासमुद्रमला दोन प्रकारचे लोखंड ठरावीक प्रमाणात मुशीत घालून सुमारे एक दिवस-रात्र भाता चालवीत. नंतर मूस सावकाश थंड होऊ देत.

या सावकाशपणाला कारण आहे. धातू हळूहळू गोठला म्हणजे त्यात मोठे स्फटिक तयार होतात आणि शिल्लक राहिलेली सूक्ष्म द्रव्ये त्या स्फटिकांच्या मधल्या जागेत साचतात. पुढे पात्यावर जी लाटांसारखी नक्षी दिसते, जिला फारसी-उर्दूत 'जौहर' म्हणतात, तिचा पाया येथेच घातला जातो.

तापवून मऊ करणे

मुशीतून निघालेली वडी लगेच घडवता येत नाही. तिच्यात लोहाच्या कार्बाइडचे कठीण व ठिसूळ जाळे पसरलेले असते. घण पडताच भेग त्या जाळ्यातून धावते. यावर कोनासमुद्रमच्या कारागिरांनी शोधलेला उपाय व्हॉयसी यांनी नोंदवला आहे. वडीला माती लिंपून ती बारा ते सोळा तास तापवायची, थंड होऊ द्यायची, आणि घडवण्याइतकी मऊ होईपर्यंत हीच क्रिया तीन-चार वेळा करायची. कार्बाइडचे जाळे अशा प्रदीर्घ तापवण्याने तुटते व त्याचे गोल कण होतात, असे आजचे धातुशास्त्र सांगते. धातू मऊ होतो, परंतु त्यातील कार्बन नाहीसा होत नाही; आतील रचना तेवढी बदलते.

घणाखालील तापमान

युरोपात या वड्या अठराव्या शतकाच्या अखेरीस पोहोचल्या. तेथील लोहारांना कमी कार्बनचे लोखंड पांढरे होईपर्यंत, म्हणजे सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत, तापवून घडवण्याची सवय होती. त्या उष्णतेत वूट्झच्या कणांच्या सीमा वितळू लागतात आणि घणाचा पहिला घाव पडताच वडी चुरा होते. पूर्वेकडील लोहार मात्र वडी मंद लाल रंगावर, सुमारे ६५० ते ८५० अंशांच्या दरम्यान, हलक्या व असंख्य घावांनी घडवीत. हातात मापक नव्हते. डोळ्याला ओळखू येणारा लाल रंग हेच त्यांचे मापक होते.

पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआँ यांनी १८२० च्या दशकात आणि रशियातील झ्लातोऊस्तचे पावेल अनोसोव्ह यांनी १८४१ मध्ये या विषयावर महत्त्वाचे प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेतील व्हेर्‌होवेन आणि पेंड्रे यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की, व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश आणि पुन्हा पुन्हा तापवून घडवणे, या दोहोंच्या संयोगाने कार्बाइडचे कण ओळीत बसतात व जौहर उमटतो. तापमान फार वर गेले तर कार्बाइड विरघळते आणि जौहर पुसला जातो. म्हणजे खनिज आणि प्रक्रिया या दोहोंपैकी एकाचा अभाव असला तरी फल मिळत नाही.

आजच्या कार्यशाळेत

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. बॉल बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का कार्बन असतो. लेथवर कातण्यापूर्वी ते दीर्घकाळ तापवून मुद्दाम मऊ केले जाते व कार्बाइड गोल केले जाते. अन्यथा कातण्याचे हत्यार लवकर बोथट होते व पृष्ठभाग खडबडीत राहतो. कातकाम झाल्यावरच बेअरिंगला पाणी देऊन कठीण करतात. कोनासमुद्रमची माती लिंपलेली वडी आणि आजची नियंत्रित भट्टी यांमागील तत्त्व एकच आहे.

धार लावतानाही हाच नियम लागू पडतो. साध्या कार्बन पोलादाची छिन्नी ग्राइंडरवर जोराने दाबली आणि टोक निळे पडले, तर तेथील तापमान सुमारे ३०० अंशांवर गेले असे समजावे. दिलेले पाणी तेवढ्या भागात उतरते व धार टिकत नाही. आयटीआयच्या विद्यार्थ्याने गती, दाब आणि थंडावा देणारे द्रव यांकडे लक्ष का द्यावे, याचे उत्तर त्या निळ्या डागात आहे.

निष्कर्ष

एकोणिसाव्या शतकात कोनासमुद्रमच्या भट्ट्या मंदावल्या आणि पुढे विझल्या. १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतर कारखान्यात मोठ्या प्रमाणावर पोलाद निघू लागले. गावात माल होता, हात होते. परंतु तापमानाचे ज्ञान डोळ्यात व सवयीत साठवलेले होते. बाप-लेकाची साखळी तुटली तेव्हा ते ज्ञानही गेले. जे शिल्लक राहिले ते एका परक्या प्रवाशाच्या काही पानांत, आणि त्यावरून मूळ विद्या पुन्हा उभी करण्यास संशोधकांना दीडशेहून अधिक वर्षे खर्ची घालावी लागली.

जुन्या आदिलाबादमधील जैनूर भागातील उशेगाव येथे ओझा कारागीर आजही मेण आणि मातीच्या साच्यातून पितळी डोकरा वस्तू ओततात. या कलेला २०१८ मध्ये भौगोलिक संकेत मिळाला. साचा पुरेसा तापला नसेल तर पितळ आतच गोठते व नक्षी अर्धवट राहते; साचा केव्हा तयार झाला, हे कारागिराला अनुभवाने कळते. भौगोलिक संकेताने नावाचे रक्षण होते, हाताच्या अनुभवाचे होत नाही. तो अनुभव कारागिराच्या शेजारी बसून, त्याच्याच शब्दांत, तापमान व वेळेसह लिहून ठेवणे हे काम या परिसरातील महाविद्यालयांना आज करता येण्यासारखे आहे. कोनासमुद्रमच्या बाबतीत ते वेळेवर झाले नाही.