जांभळा स्क्रीन येण्याआधी

ईएसएक्सआय हा हायपरवायझर चालवणारा सर्व्हर कोसळला की स्क्रीन जांभळा होतो. पांढऱ्या अक्षरांत कारण, प्रोसेसरचा क्रमांक, मेमरीतले पत्ते असं बरंच काही त्यावर उमटतं. अनुभवी ॲडमिनची नजर मात्र आधी तळाशी जाते. तिथे डम्प, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत, लिहिला जात असल्याची टक्केवारी वाढताना दिसते, नाहीतर डम्पसाठी जागाच नेमलेली नाही अशी ओळ येते. ती आली, तर सर्व्हर का पडला याचा सर्वात मोठा पुरावा रीस्टार्टबरोबर गेलाच म्हणून समजा.

घाई इथेच नडते. त्या होस्टवरची व्हर्च्युअल मशिन्स एचए (हाय अव्हेलेबिलिटी) दुसऱ्या होस्टवर उभी करत असतं, फोन वाजत असतात आणि कुणीतरी दूरच्या कन्सोलवरून रीसेट मारतो. टक्केवारी शंभरावर पोचायच्या आत मारला, तर डम्प अर्धवट राहतो.

डम्पला किती जागा द्यायची, याचं उत्तर आवृत्तीगणिक बदलत आलं. जुनं डायग्नोस्टिक पार्टिशन जेमतेम 110 एमबीचं. ईएसएक्सआय 5.5 पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये 2.5 जीबीचं वेगळं पार्टिशन मिळू लागलं, पण जुनाच होस्ट अपग्रेड केला असेल तर जुनी मांडणी तशीच राहायची. 2020 मध्ये आलेल्या 7.0 ने लॉग, स्क्रॅच आणि डम्प एकाच मोठ्या विभागात आणले. डम्पमध्ये सगळी रॅम येत नाही. मुख्यतः हायपरवायझरची स्वतःची मेमरी येते, तीही दाबून. म्हणून टेराबाइटभर रॅमच्या होस्टलाही टेराबाइटभर जागा लागत नाही. एसडी कार्डावरून बूट होणाऱ्या होस्टांची मात्र ओढाताण होते.

अशा वेळी डम्पची फाइल डेटास्टोअरवर ठेवतात. व्हीएमएफएस डेटास्टोअरवर ‘व्हीएमकेडम्प’ नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात होस्टागणिक एक फाइल, नावाला लांबलचक यूयूआयडी. व्हीएसॅन डेटास्टोअरवर ती चालत नाही. डम्प फाइलींची यादी मागवली की चार रकाने येतात: पाथ, ॲक्टिव्ह, कॉन्फिगर्ड, साइज. फाइल यादीत दिसली म्हणजे काम झालं असं नाही. ‘ॲक्टिव्ह’खाली ‘ट्रू’ हवं.

त्रास होतो तो पुढे, जुनं स्टोरेज काढताना. सगळी मशिन्स हलवली, डेटास्टोअर रिकामा दिसतोय, तरी अनमाउंट होत नाही. वापरात असल्याची तक्रार येते. धरून बसलेली असते ती डम्पची फाइल. आधी होस्टला दुसरी जागा नेमून द्यायची, मगच जुनी फाइल काढायची. उलट क्रमाने केलं, तर मधल्या वेळात होस्ट उघडा पडतो.

नेटवर्कवरून डम्प गोळा करायचीही सोय आहे: यूडीपी, पोर्ट 6500, पलीकडे व्हीसेंटरचा डम्प कलेक्टर. बिनडिस्कच्या होस्टांना ती हवीच. पण नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरनेच होस्ट पाडला असेल, तर त्याच वाटेने डम्प बाहेर पडेल याचा काय भरवसा? जमेल तिथे स्थानिक डिस्कच पहिली असावी.

आणि चाचणी घ्यायलाच हवी. नवा होस्ट क्लस्टरमध्ये घेण्याआधी, त्यावर एकही मशिन नसताना, त्याला मुद्दाम पाडता येतं. डम्प पूर्ण झाल्यावर रीस्टार्ट करायचा, ‘व्हार-कोअर’ फोल्डरमध्ये झेडडम्प फाइल आली का पाहायचं आणि तिच्यातून कर्नलचा लॉग काढून शेवटच्या ओळी वाचायच्या. त्यात आपणच मुद्दाम केलेल्या क्रॅशची नोंद सापडली, की होस्ट क्लस्टरमध्ये घ्यायला हरकत नाही.