रोबोटिक्सच्या टीममध्ये किती जण हवेत?

या आठवड्यात नववीतल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली: "दादा, शाळेत रोबोटिक्सची टीम काढतोय. २२ जणांनी नावं दिलीत. किती घेऊ?"

आधी माझी चूक सांगतो. आमच्या टीममध्ये आम्ही १४ जण होतो. किट एक, लॅपटॉप एक. दोघं जोडणी करायचे, एक कोड लिहायचा, उरलेले ११ मागून बघायचे. एक मुलगी महिनाभर रोज आली. तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर एकदाही आला नाही. मग तिने यायचं सोडलं. कुणी तिला काढलं नव्हतं, पण जागाही करून दिली नव्हती. ते मला अजून खुपतं.

म्हणून पहिलं: स्पर्धेचा नियम बघा. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या रोबोमिशनमध्ये टीम २ किंवा ३ जणांची असते. फर्स्ट लेगो लीगच्या चॅलेंज गटात १० पर्यंत, फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये १५ पर्यंत चालतात. पण ही मर्यादा आहे, तेवढे भरायलाच हवेत असं नाही.

दुसरं: डोकी नाही, कामं मोजा. लेगो लीगमध्ये रोबो एका फेरीत अडीच मिनिटंच धावतो. परीक्षक प्रोजेक्ट, रोबोची रचना आणि टीमवर्कही बघतात. मग जोडणीला दोघं, कोडला दोघं, प्रोजेक्टला दोघं. दोघं का? ऐन वेळी एकाला ताप येतो, नाहीतर मामाचं लग्न निघतं! वही, वेळापत्रक आणि सामानाला एक. झाले ७.

तिसरं: ७ जणांत दोघादोघांच्या जोड्या होतात २१. १४ जणांत ९१! मुलं दुप्पट, पण निरोप चुकायच्या जागा चौपटीहून जास्त.

चौथं: सगळे नववीचे घेऊ नका. पुढच्या वर्षी सगळ्यांची दहावी आणि टीम रिकामी. निदान तिघं सातवी-आठवीचे हवेत.

आता उरलेले १५? त्यांना सरळ "नाही" म्हणू नका. शनिवारी क्लब भरवा, तिथे या सात जणांनी शिकवायचं. दुसरं किट आलं की दुसरी टीम.

तर मित्रा, एका किटला माझं उत्तर ७. आणि ज्याला घ्याल, त्याच्या हातात पहिल्याच दिवशी काहीतरी काम द्या. भेटू पुढच्या भागात!