नकार वॉशिंग्टनचा, विमान ओझरचं

दिंडोरीच्या द्राक्षबागेत डिपिंग चालू असताना डोक्यावरून लढाऊ विमान कानठळ्या बसवत गेलं, तरी कुणी मान वर करत नाही. शेजारीच ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) विमान कारखाना आहे, आणि विमानतळाला लागून असलेलं जानोरी तर दिंडोरी तालुक्यातलंच. पण या कारखान्याची गोष्ट थेट व्हाइट हाउसपर्यंत जाते, हे सांगितलं तर पटेल?

मार्च १९६२ मध्ये जॅकलिन केनेडी भारतात आल्या. जयपूरला हत्तीवर बसल्या, वाराणसीला नावेतून घाट पाहिले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे फोटो सिनेतारकेसारखे जगभर झळकले. आठच महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, नेहरूंनी जॅकलिन यांच्या यजमानांना, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना, एकाच दिवशी दोन पत्रं धाडली. चिनी फौजा आसामच्या तोंडाशी होत्या. मागणी काय, तर ध्वनीहून वेगवान लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन, तीही अमेरिकी वैमानिकांसकट! अलिप्ततेचा झेंडा मिरवणारे नेहरू हे लिहितात? ही पत्रं पुढे कित्येक वर्षं गुलदस्त्यातच राहिली.

२१ तारखेला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि ती मागणी जागच्या जागी विरली. गंमत बघा, त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं आपण अजून अभिमानानं सांगतो. पण सह्याद्री पोचला तेव्हा तोफा थंडावत होत्या. खरं काम पुढेच होतं. १९६३ मध्ये नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं.

मे १९६४ मध्ये चव्हाण अमेरिकेला गेले. त्यांना हवं होतं एफ-१०४ स्टारफायटर, ज्याला ‘माणूस बसवलेलं क्षेपणास्त्र’ म्हणत. पाकिस्तानकडे ते आधीच होतं. आता राष्ट्राध्यक्ष होते जॉन्सन. उत्तर आलं, नाही. त्याच दौऱ्यात, २७ मे रोजी, नेहरू गेल्याची बातमी आली आणि चव्हाण परतले. काही महिन्यांत ते मॉस्कोत होते.

रशियानं मिग-२१ देऊ केलं होतंच, वर ते बनवायची विद्याही. मग कामाची वाटणी झाली: इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा ओझरला. शालू येवल्याचा, दागिने दुसरीकडचे, पण नवरी सजायची ओझरच्या मांडवात! नाशिकचा खासदारच संरक्षणमंत्री होता, हा निव्वळ योगायोग मानायला मी तरी तयार नाही.

आता १२ डिसेंबर १९७१, भारत-पाक युद्धाचे दिवस. जामनगरजवळ समुद्रावर भारतीय मिग-२१ नं पाकिस्तानी विमान पाडलं. कोणतं? स्टारफायटर! वॉशिंग्टननं आपल्याला नाकारलेलं तेच. त्याच सुमारास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘एन्टरप्राइज’ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडली होती.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झालं. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. त्याचं इंजिन मात्र अमेरिकेचं आहे, जनरल इलेक्ट्रिकचं.