‘तिरंगा’ : दोन आवाजांनी तोललेला हेरपट

पैनगंगेच्या काठी, जिथे वऱ्हाडची हद्द संपून मराठवाड्याचा मुलूख सुरू होतो, त्या आमच्या उमरखेड तालुक्यात 1993 सालच्या ‘तिरंगा’ या हिंदी चित्रपटातील संवाद मुखोद्गत असलेली माणसे आजही भेटतात. आणि 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीच्या सुमारास तो दूरचित्रवाणीवर लागला की पात्राच्या आधी प्रेक्षकच संवाद बोलून मोकळा होतो. गुप्त कामगिरी, हाणामारी आणि हशा यांची सांगड घालणाऱ्या त्या दशकातील चित्रपटांत ज्याला एवढे दीर्घायुष्य लाभले, त्याच्या गुणदोषांची तपासणी साक्षेपाने केली पाहिजे.

मेहुल कुमार दिग्दर्शित या चित्रपटाचे कथानक थोडक्यात सांगता येते. प्रलयनाथ नावाचा देशद्रोही शास्त्रज्ञांचे अपहरण करून क्षेपणास्त्रे हस्तगत करू पाहतो आणि त्याच्या बंदोबस्ताची जबाबदारी ब्रिगेडियर सूर्यदेव सिंह व इन्स्पेक्टर शिवाजीराव वागळे यांच्यावर येते. 1988 साली ‘पृथ्वी’ची आणि 1989 साली ‘अग्नी’ची पहिली चाचणी झाल्यामुळे क्षेपणास्त्र हा शब्द तेव्हा वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या विषयाची निवड किती समयोचित होती हे कळते.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य मात्र कथेत नाही, ते राजकुमार आणि नाना पाटेकर या दोन नटांच्या वाणीत आहे. राजकुमार हे चित्रपटात येण्यापूर्वी मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर होते. हुकूम देण्याची सवय जडलेल्या माणसाप्रमाणे ते प्रत्येक शब्द सावकाश, वजन करून ठेवतात आणि दोन शब्दांमधल्या विरामात समोरच्याला वाट पाहायला लावतात. मुरूड-जंजिऱ्याचे नाना पाटेकर त्यांच्या नेमके उलट. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकातील गुलाबराव रंगवून ज्यांनी रंगभूमीवर धाक निर्माण केला, त्यांचा वागळे तडतडतो, वाक्य अर्ध्यावर फेकतो, संताप आवरता आवरता अचानक मिस्कील होतो. एक अविचल आणि एक उतावीळ अशा या जोडीमुळे दोघे समोरासमोर आले की विनोद आपोआप उत्पन्न होतो, आणि त्यासाठी वेगळा विदूषक आणावा लागत नाही. संवादलेखनातील हे कौशल्य मला असामान्य वाटते.

दोष शोधायला मात्र फार लांब जावे लागत नाही. प्रलयनाथ मोठ्या दिमाखाने क्षेपणास्त्रे डागण्याचे फर्मान सोडतो, काहीच घडत नाही, आणि ब्रिगेडियर त्यांचे फ्यूज कंडक्टर आपणच काढून आणल्याचे शांतपणे जाहीर करतात. हा प्रसंग टाळ्या घेतो, हे खरे. परंतु उड्डाणापूर्वी क्षेपणास्त्राच्या विद्युत्‌व्यवस्थेची कसून चाचणी होते आणि महत्त्वाचा भाग गायब असेल तर तो तेव्हाच उघडकीस यावा, एवढे तारतम्य लेखकाने ठेवायला हवे होते. याहून गंभीर दोष असा की, ब्रिगेडियरला सर्व काही आगाऊ ठाऊक असते. हेरगिरी म्हणजे अपुऱ्या माहितीवर पाऊल टाकण्याचे, चुकण्याचे आणि सावरण्याचे काम. ज्या नायकाला पराभवाचे भयच नाही, त्याच्यासाठी प्रेक्षकाचा जीव टांगणीला कसा लागणार?

मराठी प्रेक्षकाला आणखी एक शल्य बोचते. ममता कुलकर्णी आणि ‘गंमत जंमत’ या चित्रपटाने मराठीत घराघरांत पोहोचलेल्या वर्षा उसगांवकर या दोन्ही अभिनेत्री येथे आहेत, पण हेरकथेच्या कारभारात त्यांना वाटाच दिलेला नाही, गाणे आटोपले की त्या पडद्याच्या कडेला जातात. दीपक शिर्के यांच्या प्रलयनाथालाही पोशाख आणि गर्जना यांपलीकडे फारसे काही मिळत नाही, मात्र त्या गर्जनेत त्यांनी कसूर ठेवलेली नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या याच दिग्दर्शकाच्या ‘क्रांतिवीर’साठी नानांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘क्रांतिवीर’ची बांधणी निःसंशय अधिक घट्ट आहे. तरीही वागळे आणि ब्रिगेडियर यांच्या जुगलबंदीसाठी ‘तिरंगा’ पाहावा, आणि शक्य असेल तर एकट्याने न पाहता, संवाद पाठ असलेल्या चार माणसांच्या संगतीत पाहावा.