दवाखान्याला जाणारी लाल पिशवी

बैल आजारी पडला की आपण गुरांच्या डॉक्टरांना सगळे सांगतो. वैरण कधी खाल्ली, पाणी किती प्याला, रवंथ कधीपासून बंद आहे, हे न विचारताच सांगतो. मात्र घरातले किंवा वृद्धाश्रमातले थकलेले माणूस रात्री दवाखान्यात हलवायचे झाले, म्हणजे ही माहिती मागेच राहते. सोबत जातो एखादा पुतण्या, नाही तर आश्रमातला रात्रपाळीचा नोकर. कोणत्या गोळ्या चालू आहेत असे विचारले, तर तो सांगतो, ‘एक पांढरी आणि एक बारीक लाल.’ पुढे ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात पाठवले, की तेच उत्तर पुन्हा नव्या डॉक्टरांपुढे.

लंडनच्या सटन भागात २०१५ साली वृद्धाश्रमांसाठी यावर एक साधा उपाय निघाला. तो म्हणजे लाल पिशवी. माणूस रुग्णालयात निघाले की पिशवी रुग्णवाहिकेत, तिथून वॉर्डात, आणि परत येईपर्यंत त्याच्या उशाशी. आत प्रकृतीची माहिती लिहिलेला ठरावीक कागद, चालू औषधे, चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आणि परतीच्या दिवशी घालायचे कपडेसुद्धा. सटनमध्ये यामुळे रुग्णालयातला मुक्काम सरासरी ४ दिवसांनी घटला, असे इंग्लंडच्या आरोग्य सेवेने २०१८ साली ही पद्धत देशभर नेताना सांगितले. सगळीकडे तेवढाच फरक पडेल असे मी म्हणणार नाही. एका शिवारातला उतारा दुसऱ्या शिवारात तसाच पडत नाही, हे आपण जाणतोच. पण पिशवीला खर्च तो किती?

त्या कागदावर सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते एकच : माणूस एरवी कसे असते. आजोबा रोज काठी टेकत परसाकडे जातात, नातवंडांना नावाने हाक मारतात, आणि काल संध्याकाळपासून असंबद्ध बोलू लागले. हे लिहिलेले नसेल तर नवख्या डॉक्टरांना वाटते, वयामुळे हे असेच असतील. वास्तविक म्हाताऱ्या माणसाचा एकाएकी उडालेला गोंधळ हा लघवीच्या किंवा छातीच्या जंतुसंसर्गामुळे, अंगातले पाणी कमी झाल्याने किंवा साखर उतरल्यानेही असू शकतो. कानाचे यंत्र घरी राहिले तर न ऐकू येणेही गोंधळात जमा होते. कवळी राहिली तर ताट तसेच परत जाते.

गोळ्या सुट्या नेऊ नयेत. नाव छापलेले पाकीटच न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते ठळक लिहावे, कारण पडून डोक्याला मार लागला असता ती गोष्ट डॉक्टरांना आधी कळली पाहिजे. कोणते औषध सोसत नाही, तेही लिहावे. वैदूचा काढा चालू असेल तर तोही लपवू नये. डॉक्टर रागावतील, रागावू द्यावे.

पिशवी कापडी, रंग डोळ्यांत भरणारा असावा. खताचे रिकामे पोते कृपा करून वापरू नका. घरी ती दाराजवळच्या खुंटीला आणि आश्रमात प्रत्येकाच्या खाटेला टांगावी. कागद शाळेत जाणाऱ्या नातवाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा, खाली तारीख आणि घरचे दोन फोन नंबर. आधार कार्डाची प्रत ठेवावी, आणि वय ७० च्या पुढे असेल तर २०२४ पासून मिळू लागलेले आयुष्मान वय वंदना कार्डही. १०८ ची गाडी दारात आल्यावर पेटी धुंडाळायला वेळ नसतो.

परतीचा प्रवास तितकाच नाजूक. डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर तिथल्या सिस्टरला विचारावे : कोणती गोळी नवी, कोणती बंद, पुन्हा कधी दाखवायचे, पाठीला किंवा टाचेला जखम झाली आहे का. उत्तरे त्याच कागदामागे लिहून घ्यावीत. आणि बंद झालेल्या गोळ्यांची पाकिटे त्याच दिवशी पिशवीतून काढून टाकावीत. नाही तर जुन्या आणि नव्या, दोन्ही गोळ्या महिनाभर चालू राहतात.