बेट नंतर बघा, आधी महिना बघा!

"या वर्षी आपण कुठेतरी बेटावर जाऊया का?" हा प्रश्न घरात निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "तूच बघ मोबाइलवर, तुला कळतं त्यातलं." झालं! तुम्ही घरचे ट्रॅव्हल एजंट. मग रात्री दीडपर्यंत रील्स. मालदीवचं निळं पाणी, बालीचा झोपाळा, अंदमानची पांढरी वाळू, सगळं सेव्ह करून सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकता. बाबा अंगठा पाठवतात. आई विचारते, "तिथे जेवणाचं काय?" आजी विचारते, "होडीत चढावं लागेल का?" आणि तुम्हाला वाटतं, यांना कशाचं कौतुकच नाही.

खरं सांगायचं तर त्या दोघींचे प्रश्न तुमच्या रील्सपेक्षा जास्त कामाचे आहेत. रजा मिळणार पाच दिवसांची आणि बजेट असं, की एकदा खर्च झालं की पुढची दोन-तीन वर्षं कोणी ट्रिपचं नाव काढणार नाही. अशा वेळी ‘सगळ्यात सुंदर बेट कोणतं’ हा प्रश्नच उपयोगाचा नाही. सगळीच सुंदर आहेत. आपल्याला हवंय ते आपल्या महिन्यात, आपल्या पाच दिवसांत बसणारं आणि आपल्या माणसांना झेपणारं बेट.

मान्सून अंदमानात, आपणही अंदमानात!

दर मे महिन्यात पेपरात बातमी येते, ‘मान्सून अंदमानात दाखल’. उकाड्यात ती वाचून आपल्याला बरं वाटतं. पण नेमकं त्याच आठवड्यात अंदमानचं बुकिंग केलेलं एखादं कुटुंब आपल्याच सोसायटीत असतं, कारण सुट्टी मेमध्ये! पाऊस पडला तर काय झालं, भिजू की, असं तुम्ही म्हणाल. प्रश्न भिजण्याचा नाहीच, बोटीचा आहे. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, पाणी गढूळ होतं, स्नॉर्केलिंग बंद. आणि तुम्ही हॉटेलच्या खोलीत बसून घरी बघता तेच वेब सीरिज बघता.

मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत अंदमान, लक्षद्वीप, मालदीव आणि थायलंडचं फुकेत ही सगळी मंडळी नैऋत्य मान्सूनच्या तावडीत असतात. त्या दिवसांतल्या मालदीवच्या ऑफर्स इतक्या स्वस्त का दिसतात, हे आता कळलं असेल. अंदमानची गंमत अशी, की तिथे नैऋत्य मान्सून गेल्यावर ईशान्य मान्सूनही हजेरी लावतो. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. म्हणजे दिवाळीतलं अंदमान हा थोडा जुगारच. तिथला भरवशाचा काळ जानेवारी ते एप्रिल.

मग मेमध्ये सुट्टी असणाऱ्यांनी काय करायचं? विषुववृत्त ओलांडायचं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण ८ अंशांवर आहे आणि मॉरिशस २० अंशांवर. आपल्याकडे पावसाळा सुरू होतो तेव्हा त्या दोन्हीकडे कोरडा मोसम सुरू होतो. मॉरिशसमध्ये जून ते ऑगस्ट चक्क हिवाळा, संध्याकाळी स्वेटर लागतो. उलट जानेवारी ते मार्च तिथे चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा ‘न्यू इयरला मॉरिशस’ हा प्लॅन करण्याआधी थांबा. श्रीलंकेचं आणखी वेगळं. मे ते सप्टेंबर तिच्या नैऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे गॉलच्या बाजूला पाऊस, आणि नेमका तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा छान असतो. हा एक तक्ता डोक्यात बसला की यादीतली अर्धी नावं आपोआप गळतात.

पाच दिवस म्हणजे नक्की किती?

पॅकेजवर लिहिलेलं असतं ‘४ रात्री ५ दिवस’. त्यातले तुमच्या हातात किती, ते वहीत लिहून बघा. मुंबई-पुण्याहून अंदमानला जाताना बहुतेकांना चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूला विमान बदलावं लागतं. चेन्नईपासून पुढे सव्वादोन तास. म्हणजे पहिला दिवस प्रवासात आणि पाचवाही. उरले तीन. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी बोटीने दीड-दोन तास, सरकारी बोटीने अडीचच्या आसपास. त्यात जेट्टीवर लवकर पोचणं, सामान, रांग धरा. जाऊन-येऊन एक दिवसच गेला की! (तिकीट काढताना गोंधळू नका. हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजय पुरम. वेबसाइटवर दोन्ही नावं दिसतात.)

म्हणून पाच दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग असं सगळं कोंबणाऱ्या पॅकेजला सरळ नाही म्हणा. पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक, बस्स. बाराटांगसाठी पहाटेच उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्यात जावं लागतं. तिथे थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. चुनखडीच्या गुहा बघण्यासारख्या असतीलही, पण ज्यांना आपण तिथे नकोच आहोत त्यांच्या अंगणातून गाड्यांची रांग न्यायची, हे मला तरी पटत नाही. आजीला पहाटे उठवायचं ते वेगळंच.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच ठेवा. हॅवलॉकहून सकाळची बोट आणि दुपारचं विमान असा हिशेब केलात आणि समुद्राने बोट रद्द केली, तर चार जणांची परतीची तिकिटं बुडाली. दुसरं, स्कूबा करणार असाल तर ते आधीच्या दिवसांत उरका. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसणं धोक्याचं असतं. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि शक्यतो पूर्ण दिवस मध्ये जायला हवा. तिसरं म्हणजे सूर्य. अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. राधानगर बीचवर ‘सहा वाजता सनसेट बघू’ म्हणत गेलात तर अंधार बघाल.

एवढं सगळं असूनही पहिल्यांदा विमानात बसणारं घर असेल, सुट्टी जानेवारी ते एप्रिलमधली असेल, तर माझं मत अंदमानला. कारण तिथे प्रत्येकासाठी काहीतरी आहे. तुमच्यासाठी प्रवाळ, आईसाठी राधानगरची लांबलचक वाळू, आणि बाबांना न सांगता जिथे जायचंच आहे ते सेल्युलर जेल. मराठी घरांतून लोक तिथे सावरकरांची कोठडी बघायला म्हणून जातात. १९११ मध्ये त्यांना तिथे आणलं गेलं. पण घाईत फोटो काढून निघू नका. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आता तीन उरल्यात. तिथल्या संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं कोरलीत, त्यात बंगालमधली नावं सर्वांत जास्त. कॉलेजच्या इतिहासाच्या पेपरात दोन ओळींत संपलेला विषय तिथे उभं राहून वाचायला तास लागतो. पुलावरून उडी मारण्याच्या रीलपेक्षा बाबा हा तास जास्त दिवस लक्षात ठेवतील, पैज लावा.

लक्षद्वीप की मालदीव?

२०२४ च्या जानेवारीत हा वाद सोशल मीडियावर इतका रंगला, की जणू दोन्हींकडे एकाच रिक्षाने जाता येतं. प्रत्यक्षात दोघांचा प्रकार अगदी वेगळा. लक्षद्वीपची एकूण ३६ बेटं, वस्ती फक्त १० वर, आणि सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. जायला एंट्री परमिट लागतं, ते आधी काढावं लागतं. विमानतळ एकच, अगत्तीचा. तिथे छोटी विमानं उतरतात, त्यामुळे सीट्स मोजक्या. नाहीतर कोचीहून जहाज, १४ ते १८ तास. सरकारी पॅकेजमध्ये रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा बेटावर उतरायचं, अशी सोय असते. ऐकायला भारी वाटतं ना? पण जहाज खोल पाण्यात थांबतं आणि तिथून हलत्या छोट्या होडीत उतरावं लागतं. आजीचा प्रश्न आठवला? गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला हे सांगूनच न्यायला हवं. मात्र ज्यांना गर्दी नको, दुकानं नकोत, पोहता येत नसलं तरी शांत उथळ लगूनमध्ये तासन् तास बसायचंय, त्यांच्यासाठी यासारखं दुसरं नाही. पाच दिवसांत जमवायचं तर विमानच, आणि परमिटसकट तयारी दोन महिने आधी.

मालदीव उलट. पासपोर्ट असला की सोपं. मुंबईहून थेट विमान तीन तासांच्या आत, व्हिसा तिथेच मोफत मिळतो. खरा खर्च नंतर सुरू होतो. तुमचं रिसॉर्ट विमानतळापासून लांब असेल तर स्पीडबोट किंवा सीप्लेन घ्यावं लागतं, त्याचे पैसे माणशी आणि बऱ्याचदा खोलीच्या भाड्यात न धरलेले. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी पोचलं तर पहिली रात्र विमानतळाजवळ काढायची, म्हणजे जिचे पैसे भरलेत ती वॉटर व्हिला रिकामी! वर ग्रीन टॅक्स. २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, छोट्या गेस्टहाउसमध्ये ६. चौघं जण, तीन रात्री म्हणजे रिसॉर्टला १४४ डॉलर नुसता हा कर. जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज वेगळे.

बजेट बेताचं असेल तर माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटावर राहता येतं. विमानतळाहून स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत. समुद्र तोच, खर्च बराच कमी. पण तो मुस्लिम देश आहे. गावात अंगभर कपडे, पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा बीच, दारू नाही. सार्वजनिक फेरी शुक्रवारी बंद. घरी हे आधी सांगा म्हणजे तिथे तोंडं वाकडी होणार नाहीत. आणि एक मनातलं सांगतो, पूर्ण चार दिवस एकाच रिसॉर्टवर राहायचं असेल तर बाबांना दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळा येतो. ते वायफायचा पासवर्ड विचारतात आणि ऑफिसचे मेल उघडतात.

बाली आणि मॉरिशसबद्दल थोडक्यात. दोन्ही पाच दिवसांत बसवायचा अट्टहास नको, आठवडा असेल तरच. बाली हे खरं तर बीचपेक्षा देवळांचं, भातशेतीचं आणि ट्रॅफिकचं बेट आहे. २०२४ पासून तिथे परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपिया शुल्क आहे. आकडा बघून घाबरू नका, रुपिया आपला नव्हे! मार्चच्या सुमारास येणाऱ्या न्येपी सणाला मात्र अख्खं बेट, विमानतळासकट, २४ तास बंद असतं. मॉरिशसला मुंबईहून थेट सहा तास, आणि तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. दीडेकशे वर्षांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या माणसांची मुलं-नातवंडं तिथे आजही मराठी सण साजरे करतात. आई-बाबांना हे सांगून बघा, डोळे चमकतील.

विचारलंत का त्यांना?

आई-बाबांना सगळ्यांसमोर विचारलं की उत्तर एकच, "तुम्हाला आवडेल ते." म्हणून एकेकाला वेगळं गाठा. बोटीत उलटी होते का? पाण्यात उतरायला आवडेल की काठावर बसायला? रोज मासे चालतील की चतुर्थीला वरण-भातच हवा? बाबांना पैशांचा आकडा थेट विचारा. ते थोडे चपापतील, पण आकडा कळल्याशिवाय तुम्ही शोधताय ते सगळं हवेत.

आणि किचनवालं होमस्टे ‘स्वस्त पडतं’ म्हणून बुक करू नका. किचन दिसलं की आई कुकर शोधणार. चार दिवस ती पोहे आणि खिचडी करणार आणि तुम्ही समुद्रावरून ओले येऊन "भूक लागली" म्हणणार. ब्रेकफास्ट आणि रात्रीचं जेवण धरलेली साधी खोली घ्या, दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

आज संध्याकाळी एक काम करा. कपाटातले सगळे पासपोर्ट काढून त्यांच्यावरच्या तारखा बघा. बालीला पोचल्यापासून किमान सहा महिने पासपोर्ट व्हॅलिड लागतो. आजीचा तर बहुतेक काढलेलाच नसेल. नसला तर अर्ज आत्ताच भरा, आणि तोवर महिना जानेवारी ते एप्रिलमधला असेल तर अंदमानची तिकिटं बघायला लागा. तिथे आधार कार्ड चालतं.