शिडाचे कापड रडारला दिसत नाही

चाकण व पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून परदेशी जाणारा पुष्कळसा माल न्हावा-शेवा बंदरात जहाजावर चढतो. माल बंदरात पोहोचला की आम्ही व्यापारी निश्चिंत होतो. पण ही जहाजे ज्या समुद्रातून जातात, तिथे शिडाच्या लहान होड्या आणि कोकणातील आपल्या मच्छीमार बांधवांच्या बोटीही असतात. त्या जहाजावरून दिसतात का, हा प्रश्न जिवाचा आहे.

१३ एप्रिल २०२१ रोजी मंगळूरजवळच्या समुद्रात एक परदेशी कंटेनर जहाज आणि बेपूरची मच्छीमार बोट 'रबाह' यांची टक्कर झाली. बोटीवर १४ जण होते. वाचले फक्त दोघे.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खुल्या समुद्रात इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यायची असते. पण जी दिसलीच नाही, तिला वाट कोण देणार? मोठ्या जहाजाच्या नाकासमोरचे ५०० मीटरपर्यंतचे पाणी सुकाणूच्या खोलीतून दिसले नाही, तरी नियमाला ते चालते. रात्री होडीचा दिवा २ सागरी मैलांवरून दिसला, तरी तासाला १८ मैल जाणारे जहाज ७ मिनिटांच्या आत तिथे येऊन ठेपते.

आम्ही कापडवाले. पांढरे शीड डोळ्यांना लांबून दिसते, पण रडारच्या लहरी कापडातून आरपार जातात. लाकूड आणि फायबरही त्या फारशा परतवत नाहीत. धातू परतवतो. म्हणून डोलकाठीवर उंच रडार-परावर्तक टांगतात. अ‍ॅल्युमिनियमचे तीन पत्रे एकमेकांत अचूक काटकोनात बसवले की तो तयार होतो. त्याला ना वीज लागते, ना यंत्र. कोन बिघडला, तर मात्र परतणारी लहर क्षीण होते.

भोसरी-चाकणच्या पत्राकाम करणाऱ्या कारागीर बंधूंनी या मालाचा विचार करावा. नमुना आधी समुद्रातल्या जाणकारांकडून तपासून घ्यावा आणि मगच विकावा. गिऱ्हाइकाला हेही सांगावे की उसळत्या लाटांत ही खूण रडारवर हरवू शकते. दिवा आणि जागता पहारा यांची जागा ती घेत नाही.

कापड मापात कमी भरले, तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते. इथे काटकोन चुकला, तर भांडायलाही कोणी परत येणार नाही. नफा थोडा घ्या, पण माल सच्चा द्या.